भुकेला कोळसा

आबा, मी आज बसलो होतो तो आमच्या सोसायटीच्या माळ्यासाठी चार ओळी लिहायला. या माणसाने सतरा वर्षं आमची बाग सांभाळली, त्याने कधी कसली चोरी केली नाही, बागेचं जे नुकसान झालं ते माझ्यामुळे झालं. बस, एवढंच लिहायचं होतं. छत्तीस वर्षं विमा कंपनीत पत्रांचे खर्डे करण्यात घालवलेल्या माणसाला याला पाच मिनिटं पुरायला हवीत. सकाळी चहा घेऊन बसलो तो आता जेवायची वेळ झाली, आणि पायाशी सहा कागद चुरगळून पडलेत. पहिल्यात मी 'काही गैरसमजातून' असं लिहिलं. दुसऱ्यात 'हवामानातील बदलांमुळे'. तिसऱ्याची सुरुवात तर 'समितीच्या निदर्शनास आले आहे की' अशी केली, जणू समिती म्हणजे कोणी भलताच इसम आहे. वाचलं आणि मला माझीच शिसारी आली. मग सातवा कागद घेतला आणि त्याच्यावर आपोआप 'आबा' असं लिहिलं गेलं. तुम्हांला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे, म्हणूनच बहुधा हात चालतोय.

तुम्ही हे घर पाहिलं नाहीत. मुलुंडला, चौदाव्या मजल्यावर आहे. तीन टॉवर, मध्ये बाग, बागेत लाल फरशीची वाट, आणि संध्याकाळी त्या वाटेवर गोल गोल फिरणारे आम्ही निवृत्त लोक, एकमेकांना ब्लडप्रेशरचे आकडे सांगत. बाग म्हणजे काय, तर बिल्डरने भरलेला राडारोडा आणि त्यावर वीतभर लाल माती. सुरुवातीला कुठेही खणलं की विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, एकदा तर सिमेंटमध्ये थिजलेला अख्खा हातमोजा निघाला होता. आमचा माळी सांगलीकडचा आहे, तुमचं त्याच्याशी लगेच जमलं असतं. त्याने त्या राडारोड्यात वर्षानुवर्षं पालापाचोळा कुजवून तगर, अनंत, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता असं सगळं जगवलं. मी निवृत्त झालो आणि लोकांनी मला बाग समितीचा प्रमुख केलं. घाटकोपरची चाळ सोडल्यापासून ज्याने मातीत बोट घातलं नव्हतं, त्याला. मी लगेच हो म्हटलं. निवृत्त माणसाला कोणी प्रमुख म्हटलं की तो कशालाही हो म्हणतो.

आता एक नवीन खूळ आलंय, बायोचार नावाचं. नाव ऐकून दबकू नका, कोळसाच तो. लाकूडफाटा, नारळाच्या करवंट्या, भाताचं तूस, जे असेल ते हवा फारशी लागू न देता जाळायचं, राख होऊ द्यायची नाही, आणि उरलेला कोळसा बारीक करून मातीत मिसळायचा. माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, घातलेलं खत पावसात वाहून जात नाही. तुम्ही हेच सगळं इस्त्रीवाल्याच्या विझलेल्या कोळशावर करत होता, तेव्हा त्याला नाव नव्हतं. आता नाव आहे, चकचकीत गोणी आहे, गोणीवर हिरवं पान आहे. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पडद्यावर फोटो दाखवून त्याच्यावर भाषण ठोकलं. वॉर्डातल्या बागांची स्पर्धा सहा आठवड्यांवर आली होती, परीक्षक बघायला येणार होते, सगळ्यांना बक्षीस हवं होतं. टाळ्या पडल्या. तळमजल्यावरच्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "काका, तुम्हांला हे सगळं कसं माहीत?" मी म्हटलं, "वाचनात आलं." तुमचं नाव घ्यायला काय झालं होतं मला? पण तुमचं नाव घेतलं की पाठोपाठ ते पिंप आलं असतं, आणि पिंपापाठोपाठ पिंपात काय होतं ते.

गोण्या आल्या त्या दिवशी माळ्याने एक फोडली, मूठभर कोळसा हातावर घेतला, बोटाने चुरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, ह्ये असंच कोरडं टाकायचं?"

"मग काय करायचं?"

"न्हाई, म्हंजी शेणकाल्यात म्हैनाभर मुरवाय पायजे. कोरडं टाकलं तर मातीतलं खत ह्योच वढून बसतोय. झाडाला काय ऱ्हात न्हाई."

आबा, मला हे माहीत होतं. तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. शिवाय त्या गोणीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'वापरण्यापूर्वी कंपोस्टमध्ये मुरवा' असं छापलेलं होतं, आणि मी ते चष्मा लावून वाचलेलं होतं. पण मुरवायचं म्हणजे महिनाभर कंपाउंडमध्ये शेणाचा वास. पहिल्या मजल्यावरच्या लोकांच्या तक्रारी. आणि मुख्य म्हणजे मी, आमच्या टॉवरमध्ये ज्याला लोक 'साहेब' म्हणतात तो मी, पुन्हा एकदा एका घाणेरड्या पिंपाचा मालक झालो असतो. मी म्हटलं, "वेळ नाही. टाका." त्याने एकदा गोणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि टाकलं.

तुमचं ते डांबराचं पिंप मला आजही जसंच्या तसं दिसतं. चाळीच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी, तुम्ही भाजी लावायचा त्या मुरमाच्या पट्टीला लागून ते उभं आहे. वरती गोणपाट, गोणपाटावर दगड. तुम्ही भांडुपच्या कारखान्यातून पहिली पाळी करून येता, डबा आईकडे देता आणि तसेच जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याकडे जाता. तो इस्त्रीतून काढलेले अर्धेमुर्धे निखारे पाण्याने विझवून तुमच्यासाठी घमेल्यात ठेवतो. तुम्ही राख चाळून वेगळी करता, ती आईला भांड्यांसाठी. कोळसा गोणपाटात घालून पायाखाली चुरता, माझ्याकडून चुरवून घेता. मग तो पिंपात. त्यात मासे धुतलेलं पाणी, भाताची पेज, आंबलेलं ताक, शेजारणीच्या शेळीच्या लेंड्या. आणि दर सकाळी घरातल्या पुरुषमाणसांनी, म्हणजे तुम्ही आणि मी, डालड्याच्या डब्यात लघवी करायची आणि तो डबा नेऊन पिंपात ओतायचा. तो डबा हातात धरून मागच्या गल्लीतून चालणं, आबा, मला अजून स्वप्नात येतं. डबा कोमट असायचा.

आई तुम्हांला म्हणायची, "माणसं आधीच आपल्याला बघून नाक मुरडायला बसल्यात, आन् तुमी त्यांना कारण देता." तुम्ही म्हणायचा, "मुरडू दे. वांगी खाताना सरळ व्हतंय त्यांचं नाक." आणि खरंच व्हायचं. टेकडीच्या त्या मुरमात, जिथे नुसतं गवत धड उगवत नव्हतं, तिथे तुमच्या वांग्यांना फांद्या वाकेपर्यंत वांगी लागायची. अळूची पानं माझ्या छातीएवढी. गावाकडे कोळसा पाडायच्या जुन्या भट्टीच्या जागेवर मिरची कशी माजते ते तुम्ही लहानपणी पाहिलं होतं, तेवढीच तुमची शेतकी शाळा. मला तुम्ही कारखान्यातल्या एका लोखंडी पट्टीच्या तुकड्यापासून खुरपं करून दिलं होतं, लाकडी मूठ तासून माझ्या हाताच्या मापाची. ते खुरपं देताना तुम्ही म्हणाला होतात, "ध्यानात ठेव. कोरडा कोळसा भुकेला असतो. त्याला आधी पोटभर खाऊ घालायचं, मगच मातीत सोडायचा. न्हाईतर त्यो झाडाच्या तोंडचा घास काढून घेतो." मी तेव्हा मान हलवली आणि खुरपं हातात घेण्याआधी त्याचा वास घेऊन बघितला.

पहिल्या तोडणीची वांगी तुम्ही आधी इस्त्रीवाल्याला नेऊन द्यायचा, मग घरात. रविवारी त्याच्या बाकड्यावर दोघं चहा पीत बसायचा. तो उत्तरेकडचा, तुम्ही साताऱ्याकडचे, तुमचं हिंदी म्हणजे अर्धं मराठी, त्याचं मराठी म्हणजे सगळं हिंदी. काय बोलायचा एवढं तासन् तास, कोण जाणे. तुमचा मित्र म्हणावा असा तेवढा एकच माणूस मला आठवतो.

असो. इकडे काय झालं ते सांगतो. तिसऱ्या आठवड्यात तगरीची खालची पानं पिवळी पडली. मग मोगरा. परीक्षकांसाठी म्हणून खास लावलेला झेंडू वीतभर वाढून थांबला. अनंताने कळ्या धरल्या आणि न उमलताच टाकून दिल्या. परीक्षक आले, त्यांनी आमच्या बागेतून चपला न वाजवता एक चक्कर मारली आणि चहासुद्धा न घेता गेले. आठ दिवसांनी मीटिंग बसली. तिथे जे झालं ते आठवलं की मला त्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचीसुद्धा घाण वाटते. एक म्हणाला, माळ्याने पाणी जास्त घातलं. दुसरा म्हणाला, "पाणी काय घेऊन बसलात, त्याने नेहमीचं खतच टाकलं नसेल. गोण्या बाहेर विकल्या असतील, सिंपल." तिसऱ्याने त्याला एकदा गेटमधून काहीतरी घेऊन जाताना पाहिलं होतं. काय, ते त्याला सांगता आलं नाही. समोशाचा तुकडा तोंडात असताना माणूस दुसऱ्याला चोर म्हणतो तेव्हा ते किती किळसवाणं दिसतं, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही इनचार्ज आहात. तुम्हांला काय वाटतं, असं असेल का?"

मी म्हटलं, "शक्य आहे."

हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मुरलेला कारकून आहे मी, आबा. माळ्याला महिनाअखेरीपर्यंत काम सोडायला सांगायचं ठरलं. चहा आला आणि मी तो प्यायलो.

परवा माळी वर आला, अवजारांच्या खोलीची किल्ली द्यायला. बायकोने त्याला बसवलं, पोहे दिले. ती जाणून होती सगळं. तिने मला मीटिंगच्या रात्रीच विचारलं होतं, "तुम्ही गप्प कसे बसलात हो?" आणि तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. माळ्याने पोहे खाल्ले, बशी स्वतः नेऊन सिंकमध्ये ठेवली, आणि दारात चपला घालताना म्हणाला, "सायेब, म्या तवाच सांगितलं व्हतं."

"हो. सांगितलं होतंस."

"मग तितं मीटिंगमधी बोलला का न्हाईत?"

मी काहीतरी पुटपुटलो. सगळ्यांचं मत, समितीचा निर्णय, असं काहीबाही. तो ऐकून घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाईट पाण्याचा घोट तोंडात आल्यावर माणूस थुंकायला जागा शोधतो, तसं काहीतरी होतं. मग म्हणाला, "पवईला एका सोसायटीत काम हाय. पर हितली बातमी तितं पोचल्या. सतरा वर्सं केलं तितनं का काढलं, ह्ये त्यांनी इचारलं. तवा मी चोरी केली न्हाई, येवढं लिवून द्या. दुसरं काय नगं." मी म्हटलं, "बघतो." एका माणसाचं नाव माझ्या चार ओळींवर अडलंय आणि मी त्याला 'बघतो' म्हणून दाराला कडी लावली.

तर हे लिहायला बसलो होतो आणि ते का लिहिता येत नाही, ते आता सांगतो. तुम्हांलाच सांगायला हवं, कारण हे मी दुसऱ्यांदा करतोय.

आठवीत होतो. शाळेत बक्षीस समारंभ होता, निबंधात माझा पहिला नंबर आला होता. स्टेजच्या पायऱ्यांशी आम्हांला रांगेत उभं केलं होतं. पुढच्या मुलाने मागे वळून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ईऽ, याच्या शर्टाला मुताचा वास येतो." आपण बुद्धविहाराशेजारच्या चाळीत राहणारी माणसं. आपल्या अंगाला वास येतो असं कोणी म्हटलं की ते नुसतं वासाबद्दल नसायचं, हे मला त्या वयातही कळत होतं. शर्ट मागच्या तारेवर वाळायचा, पिंपाच्या बरोब्बर वर. म्हणजे येतही असेल वास. मी बक्षीस घेतलं, घरी आलो, आई कामावरून यायची होती. मागे गेलो, पिंपाला खांदा लावला आणि लोटून दिलं.

ते मी लोटलं, आबा. काळं पाणी फेसाळत उतारावरून आलं आणि चाळीच्या तळमजल्यावरच्या अख्ख्या पॅसेजमधून, लोकांच्या उंबऱ्यांना लागून, वाहत गेलं. मला आधी इतका आनंद झाला होता म्हणून सांगू. मग दारं उघडायला लागली, बायका ओरडायला लागल्या, कोणीतरी ओकलं. तुम्ही पाळीवरून आलात ते त्या गोंधळातच. तुम्ही मला विचारलंत, "कोनी केलं?" आदल्याच दिवशी इस्त्रीवाला तुम्हांला म्हणाला होता की गिऱ्हाइकं तक्रार करतात, कपड्यांना वास लागतो, पिंप जरा लांब हलवा. मी तिथेच उभा राहून ते ऐकलं होतं. मी म्हटलं, "इस्त्रीवाल्याने. मी बघितलं."

तुम्ही तसेच खाली गेलात. सगळी चाळ कठड्याला लटकून बघत होती. तो हातातली इस्त्री ठेवून म्हणत होता, "भाईसाब, माँ कसम, मैंने हाथ भी नहीं लगाया. मैं क्यों करूँगा?" आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माझा पोरगा खोटं बोलत न्हाई." मी जिन्यात उभा होतो. एक शब्द पुरला असता. नंतर तुम्ही एकट्याने बादल्या ओतून, खराटा घेऊन सगळा पॅसेज धुतला. मी मदतीला आलो तर म्हणालात, "तू कशाला हात घान करतोस? तुझं बक्षीस दाव आधी." मी दाखवलं. तुम्ही ओल्या हाताचा डाग पडू नये म्हणून कोपराने ते पुस्तक धरून पाहिलंत.

त्यानंतर तुम्ही त्याच्याकडून कोळसा घेतला नाहीत. त्याच्याशी बोललाही नाहीत. पिंप पुन्हा भरलं नाहीत. दोन वर्षांत त्या पट्टीचा पुन्हा मुरूम झाला, आणि रविवारी तुम्ही घरातच बसायला लागलात, खिडकीकडे पाठ करून. तो पुढे गावी निघून गेला. जाण्याआधी तो वर आला होता, आठवतं? दारात उभा राहिला. तुम्ही पेपर वाचत होता, वाचतच राहिलात. तो गेल्यावर आईने दार लावलं. तुम्ही बरीच वर्षं जगलात त्यानंतर. रोज सांगता आलं असतं. तुमच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये मी उशाशी बसायचो, तेव्हाही नुसते तुमचे पाय चेपत बसलो. लोक म्हणायचे, मुलगा किती करतो बापाचं.

इथवर लिहून काल थांबलो होतो. जेवण गेलं नाही.

आज सकाळी उठून पहिल्यांदा तो कागद लिहिला. असा लिहिला: 'बायोचार न मुरवता टाकायला मी सांगितलं. माळ्याने नको म्हणून सांगितलं होतं. त्याचं बरोबर होतं हे मला तेव्हाही माहीत होतं, कारण माझे वडील चाळीमागे हेच करायचे आणि कोळसा शेणमुतात मुरवायचे. त्याची लाज वाटून मी गप्प बसलो. मीटिंगमध्ये मी शक्य आहे म्हणालो ते खोटं होतं. त्याने काहीही चोरलेलं नाही.' खाली सही, फ्लॅट नंबर. तो नोटीस बोर्डावर लावायला म्हणून सेक्रेटरीबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी वाचला, दोन बोटांत धरला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"काका, झालं ना ते आता. कशाला उगाच इश्यू करताय? नवीन माळी पण येतोय सोमवारपासून. आणि हे... हे शेणमूत वगैरे काय लिहिलंय? शी! लहान मुलं वाचतात बोर्ड."

"वाचू देत."

"तुमचीच वाट लागेल, सांगते."

मी तो स्वतः खाली जाऊन नोटीस बोर्डावर लावला. तासाभराने कोणीतरी काढला. माझ्याकडे झेरॉक्स होत्या, दुसरी लावली. आता ती आहे, निदान मघाशी तरी होती. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी ओकणाऱ्या हिरव्या तोंडाचं चित्र टाकलं, त्याच्याखाली सतरा जणांनी तसंच चित्र टाकलं. लिफ्टमध्ये एकाने मला पाहून श्वास रोखून धरला, सहाव्या मजल्यापर्यंत. आठवीतल्या त्या मुलाचा रुमाल मला तिथे पुन्हा दिसला. फक्त या वेळी मला हसू आलं, आणि हसता हसता त्या माणसाचा इतका तिटकारा आला की मी पुढच्याच मजल्यावर उतरलो आणि उरलेले जिन्याने चढलो. गुडघे अजून दुखतायत.

माळी दुपारी आला. त्याने कागद ओठ हलवत सावकाश वाचला. एका जागी थांबला. "मूत लिवलंय व्हय?" म्हणाला आणि तोंडावर हात ठेवून हसला. सतरा वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं, किंवा बघायचा प्रश्नच आला नव्हता. मग म्हणाला, "सायेब, पवईच्या म्याडमला ह्यो कसा दावू? त्यो बोर्डावर ऱ्हाऊ दे. मला साधा लिवा." मी आत गेलो आणि त्या साध्या चार ओळी लिहिल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. मी म्हटलं, "मी भांडतो सगळ्यांशी. तू इथेच राहा." तो चपलांत पाय घालत म्हणाला, "आता नगं, सायेब. हितं समदी वरनं बघत्यात, मी हातात काय घिऊन चाललोय म्हनून." त्याने बायकोला नमस्कार केला आणि तो गेला. मला माफ केलं की नाही ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारावं असं काही मी केलेलं नाही.

नंतर मी पोटमाळ्यावरचं खोकं काढलं. तुमचं खुरपं त्यात आहे, मूठ आता माझ्या हाताला लहान पडते. खाली जाऊन तगरीच्या बुंध्याभोवतीचा कोळसा जेवढा निघेल तेवढा उकरून काढला आणि पंप हाउसच्या मागे एका जुन्या निळ्या पिंपात भरला. तबेल्यातून शेण आणलंय, कोळणीला मासे धुतलेल्या पाण्याचं सांगून ठेवलंय. बाकीचं जे सकाळी नेऊन ओतायचं ते अजून ओतलेलं नाही, पण डबा आणून ठेवलाय. तुम्हांला वाटेल पोरगा सुधारला. तसं काही नाही, आबा. वास आला की आजही मला मळमळतं, आज तर दोनदा तोंड फिरवून उभा राहिलो. तरी महिनाभर ढवळीन. तगर जगते का बघू.

हे पत्र खुरप्याबरोबर त्या खोक्यात ठेवून देतोय. माळ्याचं पत्र त्याला पोचलं, तुमचं हे असं इथेच राहणार. राहता राहिला तिसरा. त्यालाही लिहायला हवं होतं, सगळ्यांत आधी त्याला. मघाशी कोरा कागद घेतला, हयात असेल नसेल, गाव कुठलं ते ठाऊक नाही, तरी म्हटलं लिहून तर ठेवू, आणि पहिल्याच शब्दाला अडलो. आम्ही सगळे त्याला इस्त्रीवालाच म्हणायचो. तुम्ही तेवढे त्याला नावाने हाक मारायचा, जिन्यावरून उतरतानाच, घमेलं काखेत धरून. तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. पण त्याचं नाव काय होतं, आबा, ते मला माहीत नाही.